नोला प्रिचर्डची बेशुद्धी

कूराबिनच्या कॉलेजात अँब्युलन्सवर जाणारी पोरं तयार होतात, आणि ती सगळी नोला प्रिचर्डच्या अंगावर शिकतात. दर मंगळवारी नोला आजारी पडते. सकाळी छातीत कळ, जेवणानंतर शिडीवरून पडून मोडलेला खुबा, चहाच्या आधी मधमाशी चावून सुजलेला घसा. आणि संध्याकाळी आपली जुनी गाडी आपणच हाकत घरी. गावात कुणी "काय नोला, बरी आहेस ना?" विचारलं, की म्हणायची, "मंगळवार सोडला तर ठणठणीत हाय."

तिचा जन्म गेला मेंढ्या कातरणाऱ्या टोळ्यांना रांधून घालण्यात. ते आडदांड गडी तिच्या मटणाला घाबरायचे आणि जिभेला त्याहून जास्त. पुढं नवरा केन वारला, गुडघे कुरकुरायला लागले, आणि घरात एवढी शांतता झाली की फ्रिजची घरघरसुद्धा तिला सोबतीची वाटायला लागली. तशात चर्चच्या दारावर तिनं चिठ्ठी वाचली: कॉलेजला खोटे रुग्ण हवेत. नोला तडक जाऊन आडवी झाली. मंगळवारी निदान चार माणसं जवळ बसून "कुठं दुखतंय?" विचारायची. बाकीच्या दिवशी हा प्रश्न तिला कोण विचारणार? मांजर?

अडचण एकच. दिलेल्या आजारावर नोलाचं भागायचं नाही. कागदावर एवढंच असायचं, की साठीची बाई, छातीत दुखतंय, घाम फुटलाय. नोला त्यात पळून गेलेला नवरा घालायची, त्याची ती केस रंगवलेली सटवी घालायची, आणि गाडीत बसवून नेलेलं कुत्रंही. खरा केन बिचारा क्लबातल्या खुर्चीपलीकडं कधी पळाला नव्हता. पण एकदा एक पोरगी ऐकता ऐकता अशी हमसून रडली, की ऑक्सिजन लावायचाच राहिला. मास्क तिच्या हातात, नाक नोलाच्या रुमालात.

विभागाची प्रमुख फेनेला हिला हे पटत नव्हतं. फेनेलाला अँब्युलन्समधून उतरून जमाना झाला होता आणि आता ती मापातली माणसं तयार करत होती.

"नोला, प्रत्येक विद्यार्थ्याला सारखाच रुग्ण मिळायला हवा," ती म्हणाली.

"मग दुखनं सारखं दे की! मानूस कसा सारखा देनार?"

"आणि मध्ये मध्ये सूचना द्यायच्या नाहीत."

"सूचना कुठं दिली? ते कॉर्बिन पोरगं माझं मनगट धरून तुझ्या तोंडाकडं बघत बसलं. म्हनलं, लेका, नाडी हिकडं हाय."

यात नोलाचं काही चुकलं नव्हतं. परीक्षेत रीतच तशी होती. पोरानं मनगटाला दोन बोटं लावायची आणि मास्तरणीकडं बघायचं. मग मास्तरीण खोट्या आजाराला शोभेल तो आकडा सांगणार. सवय इतकी हाडीमाशी खिळली, की मागच्या वर्षी एक पोरगा खऱ्या अँब्युलन्सवर गेला, शेतात पडलेल्या म्हाताऱ्याचं मनगट धरलं आणि आपल्या वरिष्ठाकडं आशेनं बघत बसला. वरिष्ठ म्हणाला, "माझ्या थोबाडावर उमटतीय का त्याची नाडी?"

आता राजधानीतून तपासणीची समिती येणार होती. कॉलेजची मान्यता राहणार की जाणार हे तिच्या हातात. फेनेलानं नोलाला बोलावलं. टेबलावर रबरी पुतळ्यांचा रंगीत कॅटलॉग उघडा ठेवला होता, मुद्दामच.

"तुला बेशुद्ध पडायचंय. साखर उतरलीय. एक शब्द बोललीस, तर पुढच्या मंगळवारपासून हा येईल." तिनं चित्रातल्या टकल्या पुतळ्यावर बोट ठेवलं.

"मी? आन् गप?" नोला म्हणाली. पण कॅटलॉगकडं बघून तिनं ओठ मिटले.

परीक्षेच्या दिवशी ती सकाळपासून गार फरशीवर पडून होती. एसी डोक्यावर भणभणत होता. समितीची दोघं, एक बाई आणि एक बुवा, खुर्च्यांवर वह्या घेऊन बसलेली. पहिला कॉर्बिन आला. "परिसर सुरक्षित! हातमोजे घातले! नाडी बघतो!" फेनेलानं आकडा सांगितला, त्यानं औषधाचं नाव सांगितलं, आणि नोलावरून ढांग टाकून तो निघून गेला. पैकीच्या पैकी. त्याचे हातमोजे त्याच्या खिशातच होते.

त्याच्यामागून आणखी पाच-सहा पोरं तशीच येऊन गेली, आणि मग तेविता आला. टोंगा बेटांवरून आलेल्या घरातलं हे थोराड पोरगं मागच्या परीक्षेत नापास झालं होतं. का, तर ते उत्तरासाठी थांबायचं. "प्रश्न विचारल्याचे गुण आहेत," फेनेलानं त्याला समजावलं होतं, "उत्तर ऐकल्याचे नाहीत." पण मोठ्या माणसाला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, ही त्याच्या घरची शिकवण. ती एका परीक्षेनं जाते होय?

तो गुडघ्यावर बसला. "नोलामावशी, मी तेविता. हात लावू का?"

आणि थांबला. फेनेला खाकरली. तेवितानं मनगट धरलं.

"एकशेवीस," फेनेला म्हणाली.

"मला तर संथ लागतीय."

"मी सांगते तीच नाडी, तेविता."

"बरं." त्यानं बोटं उचलली नाहीत. "मावशी, फरशी फार गार आहे. तुला थंडी वाजतीय का?"

सकाळपासून तिच्या नाकात, कानात, डोळ्यांत टॉर्च घालून झाले होते. हे कुणी विचारलं नव्हतं. टकल्या पुतळ्याचं चित्र नोलाच्या मिटल्या डोळ्यांपुढं आलं. तिनं दात आवळले. पण जीभ ती जीभ, गड्यांना न भ्यालेली.

"वाजतीया रं बाळा," बेशुद्ध नोला म्हणाली. "कवाधरनं वाजतीया."

फेनेलाचा चेहरा चुन्यासारखा झाला. समितीचा बुवा पुढं झुकला. तेविता मात्र तसूभरही हलला नाही. "रुग्ण हाकेला उत्तर देतेय," त्यानं मोठ्यानं सांगितलं. "बोलणं सुसंगत. आता तोंडानं साखर देता येईल." आणि ब्लँकेट आणून त्यानं तिच्या पायाखालीसुद्धा नीट खोचलं.

समितीच्या बाईनं विचारलं, "हे असंच ठरलेलं होतं?"

फेनेला चटकन म्हणाली, "अर्थात. रुग्णाची अवस्था बदलली की विद्यार्थी काय करतो, तेच पाहायचं होतं."

तेविता पास झाला. कॉलेजला मान्यता मिळाली, आणि अहवालात समितीनं खास लिहिलं, की बेशुद्ध रुग्णाला थंडीबद्दल विचारण्याची प्रथा अनुकरणीय आहे, ती सर्व परीक्षांत एकसारखी असावी. आता एकसारखी म्हटल्यावर नोला कशी चालणार? फेनेलानं तिला चहा पाजला, केक खिलवला, "तुझ्यामुळंच" म्हणत तिचे आभार मानले, आणि पुतळा मागवला.

पुढचा मंगळवार नोलानं मांजराला रागे भरण्यात घालवला. त्यानंतर काही दिवसांनी फोन आला. पुतळा सगळं करत होता. श्वास घ्यायचा, घामेजायचा, मनगटाशी नाडीसुद्धा उडायची. फक्त बोलायचा नाही. त्याच्या घशात स्पीकर होता. काचेपलीकडच्या खोलीत माइकवर बसायला कुणीतरी हवं होतं.

"कागदावरचंच बोलायचं हं," फेनेला म्हणाली.

"न्हाईतर काय," नोला म्हणाली, आणि डब्यात बिस्किटं भरून निघाली.

काचेमागची खोली यंत्रांसाठी बर्फासारखी गार ठेवलेली. पलीकडं नवी पोरगी आली, टकल्या पुतळ्याशेजारी बसली. "थंडी वाजतेय का?" एवढं घोकलेलं वाक्य बोलून तिनं ब्लँकेट त्याच्या पोटावर भिरकावलं आणि रक्तदाबाच्या यंत्राकडं वळली. तिचा तो गुण मिळून गेला होता.

"वाजतीया," पुतळा म्हणाला. "थांब की जरा पोरी. इचारलंस, तर ऐकून तरी घे."

पोरगी दचकून मागं फिरली. त्या रबरी तोंडाकडं बघत तिनं ब्लँकेट त्याच्या हनुवटीपर्यंत ओढून खाली खोचलं. काचेमागं नोलानं स्वेटरची वरची गुंडी लावली.

"आता सांगा, कुठं दुखतंय?" पोरीनं विचारलं, आणि या वेळी थांबली.

नोलानं कागद बाजूला सारला आणि खुर्ची माइकजवळ ओढली. "छातीत दुखतंय. पन तसं न्हाई कळायचं तुला, पयल्यापासनं सांगतो," टकल्या म्हणाला. "बायको पळाली माझी. कुत्रं पन घिऊन गेली."