बापाच्या मोबाइलमधली मॅच

सलूनमध्ये खुर्च्या दोन आणि विषय एक. मालकाची मुलगी. बास्केटबॉलमधला तिचा परवाचा लांबून मारलेला शॉट, तिच्या मनगटाची लकब. गिऱ्हाइकं हुंकार भरायची. गळ्याशी वस्तरा असताना वाद कोण घालणार? वाद घालायचा तो फक्त मेहुणा. त्याला टक्कल होतं आणि दाढी तो घरीच करायचा.

"भाची आहे माझी, राग मानू नका भावोजी," तो म्हणायचा, "पण दोघीजणी अंगावर असताना तिथून बॉल फेकायचा कशाला? आणि चुकला की ही कमरेवर हात ठेवून उभी. तोवर समोरच्या पोरी बास्केट करून मोकळ्या."

"शूटर आहे ती. दमते."

"दमायला आधी पळावं लागतं."

रविवारी फायनल होती. राज्याचा संघ निवडणारे येणार होते. मुलगी पहिल्या पाचात असणार हे बापानं गृहीतच धरलेलं. त्या आठवड्यात कोचबाई सलूनच्या पायरीवर येऊन उभ्या राहिल्या, तेव्हा खुर्चीतलं अर्धं भादरलेलं गिऱ्हाईकसुद्धा सावरून बसलं.

"तिला फायनलला सुरुवातीपासून खेळवायचं की नाही, मी ठरवलेलं नाही," बाई म्हणाल्या. "शॉट घाईनं घेते. डिफेन्सला परतत नाही. घरी तुमचं ऐकते, म्हणून सांगायला आले."

बापानं हात पुसले आणि मोबाइल काढला. पुरावाच होता त्याच्याकडे. बाईंनी उभ्या उभ्या पाच-सहा व्हिडिओ पाहिले. प्रत्येकात बॉल जाळीत.

"चुकलेले कुठे आहेत?"

"ते मी पुसतो. जेवताना ती हेच बघत बसते. उगाच मन खट्टू होतं तिचं."

"आणि बास्केट झाली की व्हिडिओ बंद?"

"टाळ्या वाजवायला हात नकोत का, बाई?"

गिऱ्हाईक हसलं. बाई हसल्या नाहीत. "शनिवारच्या सराव सामन्यात टाळ्या राहू द्या. सगळा सामना घ्या. आणि काही पुसू नका."

त्यानं तसंच केलं. हात अवघडले, पण मोबाइल मुलीवरून हलवला नाही. संध्याकाळी ताटं वाढलेली असताना दोघं बघायला बसले. मुलीनं लांबून शॉट मारला, चुकला. मग ती उभी राहिली, कमरेवर हात ठेवून, मामा म्हणायचा अगदी तशी. तिच्या शेजारून समोरच्या संघातली एक मुलगी पळत गेली, तिच्याकडे हिनं मान वळवूनही पाहिलं नाही.

मुलीचा घास हातातच राहिला.

"मोकळी होतीस गं," बाप म्हणाला. "नशीब आडवं आलं."

"मोकळी कुठे, बाबा? दोघी होत्या अंगावर." तिनं व्हिडिओ मागे घेतला. "डावीकडे बघा."

बास्केटखाली एक किडकिडीत मुलगी हात वर करून उभी होती. आसपास कुणी नाही.

"ही कोण?"

"चार वर्षं माझ्याबरोबर खेळतेय."

त्यानं मोबाइल डोळ्यांजवळ नेला. मग म्हणाला, "तरी मी उद्या बाईंशी बोलतो. एका सामन्यावरून कुणी..."

"नका बोलू. बसवलं तर बसेन."

आतून आईनं विचारलं, आणखी काही वाढू का. बापाचा अंगठा सवयीनं पुसायच्या खुणेकडे गेला. मुलीनं मोबाइल त्याच्या हातातून काढून घेतला आणि सामना पुन्हा पहिल्यापासून लावला.