पदराने पुसलेला प्याला

"पुसला! अगं बाई, पदराने पुसला!"

मास्तरीणबाई इतक्या जोरात बोलल्या की आमच्या ख्रिस्ती देवळातलं गाणं अर्ध्यावर थांबलं. माझ्या हातात प्रभुभोजनाचा चांदीचा प्याला होता, सगळ्यांनी एकामागून एक घोट घ्यायचा तो. बाप्तिस्म्यानंतर पहिल्यांदाच हाती आलेला. मी नवखी. कळलं नाही, आणि रांगेत मास्तरीणबाईंच्या आधी उभी राहिले. एक घोट घेतला आणि प्याल्याची कड पदराने पुसून त्यांच्यापुढे धरली.

शेतमालकाच्या ओसरीवर चहा मिळायचा. आमचा वेगळा ठेवलेला कप आपणच धुवायचा, पुसायचा, पालथा घालायचा. आईही तेच करायची. आपलं तोंड लागलं की पुसायचं. हे मला कुणी शिकवलं नव्हतं, हाडातच होतं ते. मी चांगलंच करायला गेले होते.

पुढच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं. मास्तरांनी, म्हणजे मास्तरीणबाईंच्या नवऱ्याने, प्याला माझ्या हातून दोन बोटांनी काढून घेतला. मोठ्या शाळेतून निवृत्त झालेले, मंडळीच्या पंचांमध्ये सगळ्यात वरचे. त्यांच्या शब्दापुढे पाळकसाहेबसुद्धा गप्प. प्याला आत गेला. धुतल्याचा आवाज बाहेर सगळ्यांना ऐकू आला. मी खाली मान घालून मागच्या बाकावर गेले.

मी या देवळात का आले ते सांगते. माझ्या पोरीचा, मंदाचा बाप फवारणीचं औषध पिऊन गेला. त्या वर्षांत आमच्या भागात असं घर शोधावं लागत नव्हतं. गावातले लोक दारापर्यंत आले, दारातूनच परतले. अंजनगावाहून या मंडळीच्या बाया आल्या त्या जमिनीवर बसल्या. माझ्या हातची भाकर खाल्ली. म्हणून मी आले. मंदाला मंडळीच्या बोर्डिंगात जागा मिळाली, शाळा मिळाली. मला वाटलं, आता सगळं बदललं. वेडी होते.

पुढच्या प्रभुभोजनाला मास्तर उपदेशाला उभे राहिले. "काळ बदलला आहे. मंडळीनेही बदललं पाहिजे. बदलाला घाबरू नका." मला भरून आलं. वाटलं, हा माणूस आमच्याबद्दलच बोलतोय. खेड्यावरून येणाऱ्या आम्हा मजुरांबद्दल.

बोलतच होता तो आमच्याबद्दल.

त्या दिवसापासून एक प्याला बंद झाला. आरोग्यासाठी, म्हणाले. प्रत्येकाला वेगळा. पुढच्या बाकांवर तबक फिरलं, त्यात काचेचे इवले इवले पेले. ते पुढच्यांतच संपले. आमच्यासाठी दुसरं तबक आलं. त्यात प्लास्टिकची झाकणं. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवर असतात ती, मापाच्या रेघा असलेली. दवाखान्यातून आणलेली, उकळून घेतलेली. त्यात लाल द्राक्षारस.

फवारणीच्या पंपात औषध टाकताना मी अशाच झाकणाने माप घ्यायची. असंच एक झाकण त्या सकाळी बांधावर मंदाच्या बापाच्या उशाशी पडलं होतं. देवळात सगळे डोळे मिटून बसले होते आणि माझ्या नाकात तोच उग्र वास शिरला. रस गिळता आला नाही. पदरात थुंकला. कुणी पाहिलं तर? बोर्डिंगाचा कारभार मास्तरांच्या हातात. मंदा त्यांच्या हातात.

असे कितीतरी रविवार गेले. आणि मी जात राहिले, थुंकत राहिले.

मग मंदाचा नंबर आला. प्रभुभोजन घेण्याएवढी मोठी झाली पोर. दोन वेण्या, धुतलेला गणवेश, माझ्या शेजारी बसलेली. तबक आलं. तिने झाकण उचललं, नाकाजवळ नेलं आणि माझ्या कानात बोलली, "आई, हे बाबाच्या औषधाचं हाय का वं?"

मी तिच्या हातातून झाकण काढून घेतलं. भरलेलंच तबकात परत ठेवलं. उभी राहिले. शपथेवर सांगते, इतकी मी मंदाचा बाप गेला तेव्हाही भ्याले नव्हते.

"मास्तर, मले त्या चांदीच्या प्याल्यातून पायजे. माह्या पोरीले बी."

"बाई, बसा जागेवर. बदल स्वीकारायला शिका."

"तुमाले काच, अन् आमालेच झाकन. काहून?"

मी पाळकसाहेबांकडे पाहिलं. ते पायाखालच्या फरशीकडे पाहत होते. मास्तर हळू आवाजात म्हणाले, "मंदा आमच्या बोर्डिंगात आहे, हे विसरू नका."

विसरले नव्हते. एक क्षणही नाही. तरी मी मंदाचा हात धरला, पुढे गेले आणि पहिल्या बाकावर मास्तरीणबाईंच्या शेजारी बसले. त्यांनी पातळ आवरून घेतलं. चांदीचा प्याला मेजावरच होता, वर विणलेला रुमाल टाकलेला.

त्याच आठवड्यात मंदाची पत्र्याची पेटी दारात आली. म्हणे, जागा नाही. आता ती अंजनगावच्या शाळेत पायी जाते आणि सुट्टीच्या दिवशी माझ्याबरोबर कापूस वेचते. तिच्या हाताला बोंडं टोचतात ते पाहून मला झोप लागत नाही. उद्या मंडळीतूनच काढलं तर? आजारपणात कोण येईल? मेले तर मातीला कोण येईल? भीती गेलेली नाही. खोटं कशाला बोलू?

पण प्रभुभोजनाच्या रविवारी आम्ही दोघी पहिल्याच बाकावर बसतो. तबक आमच्यासमोर येतं आणि मी मान हलवते. झाकणातलं घेत नाही. काचेतलंही आता नको. पाळकसाहेब मागे एकदा पायरीवर म्हणाले, "थोडं सबुरीनं घ्या." मी म्हटलं, "आजपावतर सबुरीच केली, साहेब."

बदलाला घाबरू नका, असं मास्तर अजूनही वरून सांगतात. मी घाबरत घाबरत बदलले. आता त्यांची पाळी आहे. तो रुमाल एक दिवस निघेल. त्या प्याल्याला माझं तोंड लागेल, मंदाचं लागेल, आणि मग तो मास्तरीणबाईंच्या हातात जाईल.

मी तो पुसून देणार नाही.