कोरी पावलं

माघातल्या एका सोमवारी दुपारी माझी पत्नी यमुना वारली.

मी शाळामास्तर. भुताखेतांवर, शकुनांवर माझा कधीच विश्वास नव्हता – आजही आहे असं म्हणवत नाही. घडलं तेवढं लिहितो.

लोणावळ्यात, कुरवंड्याच्या वाटेवर आमचं भाड्याचं घर होतं. संधिवातानं यमुनेची बोटं आणि पावलं वर्षानुवर्षं वाकत गेली. डॉक्टरांनी "कसं दुखतं?" विचारलं की म्हणायची, "सांगता येत नाही, काढून दाखवते." मनगटाला चिंधीनं ब्रश बांधून ती चित्रं काढी. महायुद्धात रंगाच्या वड्या मिळेनात, तेव्हा गेरू, हळद, काजळ चाले.

एकदा मी विचारलं, "ही झाडाची मुळं का?"

"अहो, माझी पावलं ती! रोज शेकता, तरी ओळखली नाहीत?"

शेवटच्या चित्रात नागफणीच्या कड्यावर एक बाई उभी होती. तिला पावलंच नव्हती.

"पाय राहिले की."

"बरे झाले की काढीन. उगाच वाकडे कशाला काढू?"

ती गेल्यावर मला एकच प्रश्न छळत होता... तिचं दुखणं थांबलं असेल का?

दहाव्याच्या आदल्या संध्याकाळी, कामाला येणाऱ्या गंगामावशीनं यमुनेच्या खोलीत तांदळाचं पीठ चाळून पसरलं, वर मोठी दुरडी पालथी घातली. गेलेलं माणूस कुठल्या जन्माला गेलं, ते सकाळी पिठात उमटतं म्हणे.

"मावशी, माझा विश्वास नाही."

"नसू द्या की. पिठाला कुटं तुमचा इश्वास लागतोय?"

दाराला कडी घातली. मी बाहेरच्या खोलीत जागाच होतो.

सकाळी मावशीनं दुरडी उचलली. तिला पाखराची नखं दिसतील असं वाटलं होतं. पिठात उजव्या पावलाचा ठसा होता... पाचही बोटं सरळ. दुसरं बोट अंगठ्याहून लांब. सप्तपदीला तांदळाच्या राशींवर पडलेलं ते पाऊल मी विसरलेलो नाही.

मावशीनं आपलं रुंद, भेगाळलेलं पाऊल शेजारी धरून पाहिलं आणि पदर तोंडाला लावला.

"नीट चालत गेल्या की वो, मास्तर. लय नीट."

मला भीती वाटली नाही. छातीवरचा धोंडा उतरावा तसं झालं – कितीतरी दिवसांनी मी पोटभर जेवलो.

कडी तशीच होती, खिडकीला गज होते. कारण मला आजवर सापडलेलं नाही. कोणी सुचवलं तर ऐकेन.

पीठ आम्ही इंद्रायणीत सोडलं. चित्र भिंतीवर आहे. पावलांची जागा कोरी आहे.