घरी कोनी हाय काय?

आमच्या नाल्याकाठचे किस्से म्हणजे पुलाखाली अडकलेल्या काड्या-कचऱ्यासारखे. एक ओढून काढावा तं त्याच्यासंगं चार निघतात, अन् पाणी काही मोकळं होत नाई. दुपारी बाया येऊन बसल्या का म्हणतात, "आजी, तो बंद घराचा सांगा." मी म्हणते, सांगते, पण पहिल्यापासून ऐका.

आटपाट नाला होता. तालुक्याच्या गावाच्या कडेनं वाहे. त्याच्या काठावर मातीच्या भिंतीचं, कवेलूच्या छताचं एक घर होतं. घरात बुढा होता, बुढी होती, पोरगा गजानन होता, सून शोभा होती, नात प्राची होती. बुढी म्हणजे मी. आमाले एकच पायजे होतं, पावसाळ्यात पाणी शिरणार नाई असं घर. ते सरकार देणार होतं. ज्याचं नाव सर्व्हेच्या यादीत, त्याले.

*

पहिला सर्व्हे आला तवा आंजी गावाले माझ्या भाच्याचं लग्न होतं. नाल्याकाठच्या घरांची अख्खी ओळ गेलती. संध्याकाळी येऊन पाहतो तं दारादारावर खडूची फुली. कोणी म्हणे, नजर लागू नाई म्हणून कोणा भल्या माणसानं काढली असेल. शोभानं तिले हळद-कुंकू वाहिलं. पुसू नाई म्हणून प्राचीले ताकीद दिली.

महिन्यानं कळलं. फुली म्हणजे घर बंद. बंद घर म्हणजे तिथं कोणी राहत नाई.

मी कचेरीत गेली. साहेब वाईट नव्हते, बसाले खुर्ची दिली. यादीवर बोट ठेवून म्हणाले, "आजी, तुमचं घर बंद आहे."

"मी तं तुमच्या पुढ्यात बसली हाय."

"तुम्ही बसल्या आहात हो," ते म्हणाले. "घर बंद आहे."

*

तवापासून आमच्या ओळीत रिवाज पडला. कुठं काही असो, घरात एक माणूस बसलाच पायजे. लग्नाले आधे जेवून येत, मंग बाकीचे जात. लग्नघरचे विचारत, "काऊन, पोरगा-सून भांडले काय?" आमी म्हणत होतो, नाई, सर्व्हे हाय.

बुढ्यानं तं खाटच दारात टाकली. बाजार असो, दवाखाना असो, कोणाची तेरवी असो, त्याचं एकच. "तुमी जा. मी बसतो."

शेजारची बेबी एकटी. चार घरची धुणी-भांडी करे. तिच्या घरी बसणार कोण? ती सकाळी रेडिओ लावून, दार ओढून कामाले जाय. एक दिवस सर्व्हेवाला आला. दारातून म्हणाला, "घरी कोणी आहे का? बाई, नाव काय तुमचं?"

आतून बाई म्हणाली, विदर्भात तुरळक ठिकाणी पावसाची शक्यता.

त्यानं पुन्हा विचारलं. तितक्यात भजन लागलं. बिचारा जोडे काढून, बाहेरूनच हात जोडून गेला. जाता जाता फुली मात्र मारून गेला.

*

आमची नावं सर्व्हेवाल्यानं लिहून नेली, पण ती यादी कचेरीतच अडकली. नाला म्हणजे हद्द. अलीकडं एक कचेरी, पलीकडं दुसरी. अलीकडचे म्हणत, नाल्याची जमीन पलीकडच्याईची, त्यांना भेटा. पलीकडचे म्हणत, घरं तं अलीकडच्या काठावर हायत, त्यांना भेटा. दोघंही गोड बोलत. चहा बी पाजत.

एकदा बुढा चकरा मारून थकला. म्हणाला, "साहेब, मी नाल्याच्या मधात उभा राहतो. पानी मले ज्याच्या हद्दीत नेऊन टाकीन, त्याचा मी."

साहेब हसले. बुढा बी हसला. घरी येऊन त्यानं तो किस्सा सगळ्या ओळीले सांगितला, अन् आमी पोट धरधरून हसलो. आता मले तो सांगवत नाई. पण बाया विचारतात.

*

मंग केतकी आली. पुण्याकडची पोरगी, पाठीवर पिशवी, पायात बूट. मोडलेली वस्ती पुन्हा कशी उभी राहते, कचेऱ्या त्यात काय करतात, याच्यावर तिचा अभ्यास होता. बुढा तिले म्हणाला, "पोरी, मोडली नाई अजून. थोडी लवकर आली तू."

तिच्या कागदावर प्रश्न होते अन् त्याले एक ते पाच गुण द्याचे होते. "आजी, पाण्याच्या सोयीला किती?"

"नळाले देऊ का पान्याले?"

"दोन्हीला सांगा."

"नळाले पाच. चांगला पितळेचा हाय. पान्याले शून्य."

तिच्या कागदावर शून्य नव्हतं. मंग मी एक देला, तिच्या शिक्षणाकडं पाहून.

तिनं गावाचा नकाशा पसरला. आमच्या जागेवर हिरवा रंग होता. मी विचारलं, हे काय? ती म्हणाली, "मोकळी जागा." अन् खाली पाहू लागली. मी रांगोळीचा डबा आणला. अंगणात बसून सगळी ओळ काढली. कोणाचं दार कुठं, कोणाची मोरी कुठं, हापशी कुठं. एकेक घर काढलं अन् घराच्या आत एकेक टिपका ठेवला.

"हे काय, आजी?"

"बसनारा."

बुढा खाटेवरून म्हणाला, "माझा टिपका जरा मोठा काढ. मी जास्त बसतो." केतकीनं फोटो काढला. दुपारी कोंबड्यांनी सगळं उकरून टाकलं.

*

त्या साली पोळ्याच्या आधी पाऊस उघडलाच नाई. पाण्यानं नाला फुगत चालला. सोमवारी नवा सर्व्हे होता, अन् ही शेवटची यादी म्हणून सांगून गेलते. रविवारी दुपारी भोंग्याची गाडी फिरली, सगळ्याईनं शाळेत जा.

शोभानं प्राचीचं दप्तर अन् पिठाचा डबा घेतला. सासऱ्याले म्हणाली, "मामाजी, चला ना."

"उद्या सर्व्हे हाय. घर बंद दिसलं तं पुन्हा फुली."

"अशा पान्यात कोन येते?" मी म्हटलं.

"मांगं बी आपन तेच म्हनलो होतो. लग्नाच्या दिवशी कोन येते."

गजाननानं हात धरून ओढलं. बुढ्यानं हात सोडवून घेतला. रागानं नाई, एखाद्या लहान पोराचा सोडवावा तसा. "तुमी पुढं व्हा. पानी दारात आलं तं मी निंगतोच. मले सात वाजेपर्यंत भाकर पाठवजो."

शाळेत तीन दगडांची चूल मांडून मी भाकर थापली. फडक्यात बांधून गजानन निघाला अन् अर्ध्या रस्त्यातून परत आला. पूल दिसत नव्हता. ती भाकर सकाळपर्यंत माझ्या पदरात बांधून होती.

सकाळी पाणी उतरलं. आमच्या ओळीत एकही भिंत नव्हती. खाट बाभळीत अडकलेली सापडली. बुढा दोन वावरं खाली, धुऱ्याच्या बांधावर सापडला. पोलिसाच्या जमादारानं विचारलं, मयत कुठं राहत होता? मी बोट दाखवलं. तिथं चिखल होता. त्यानं चिखलाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, अन् लिहून घेतलं.

दुपारी सर्व्हेवाला आला. खरंच आला. गुडघ्याएवढ्या गाळातून, कागद डोक्यावर धरून. सवयीनं ओरडला, "घरी कोणी आहे का?" मंग त्याचं त्यालेच कळलं. खिशातला खडू त्यानं हातात घेतला होता. फुली माराले दार नव्हतं.

*

पुढचे दिवस शाळेत काढले, मंग बहिणीच्या पडवीत, सिंदी मेघेले. कचेरीत म्हणत, घर वाहून गेलं त्याले घर भेटते, पण घर होतं याचा पुरावा आणा. आमच्या राशनकार्डावर अजून बुढ्याच्या जुन्या गावाचं नाव. बाकीचे कागद नाल्यात.

केतकी पुन्हा आली. या खेपेस तिनं प्रश्न काढले नाई. आमचं गाठोडं सोडून एकेक कागद वाचत बसली. एका कागदावर थांबली. बुढ्याचा पंचनामा होता. तिनं तो दोनदा वाचला. मले म्हणाली, "आजी, यात लिहिलं आहे, मयत आपल्या राहत्या घरी बसलेला असताना. राहत्या घरी. आणि नाल्याच्या कोणत्या काठावर, तेही लिहिलंय."

मी म्हटलं, "मंग? तिथंच तं बसला होता."

तिनं कागदाची नीट घडी घातली. तो कागद घेऊन ती गजाननासंगं कचेरीत गेली. मले खुर्ची देणाऱ्या त्याच साहेबानं वाचला. टोपी काढून टेबलावर ठेवली. अन् पहिल्यांदा म्हणाले, "हो. हे घर चालू होतं."

*

नव्या कॉलनीत आमाले घर भेटलं. दोन खोल्या, सिमेंटचं छत, नळ आतमध्ये. त्यात पाणी बी येते. केतकी तिचा कागद घेऊन आली. "आजी, नव्या घराला एक ते पाचपैकी किती?"

"चार."

"एक कमी का?"

"घरात मानसं किती, ते तूच लिहून नेलं होतं."

तिनं चार लिहिले. मंग भिंतीकडं तोंड करून उगाच पिशवी आवरत बसली.

बेबीले घर नाई भेटलं. तिनं पुलाजवळ पुन्हा टिन उभे केले. मी तिले म्हटलं, तू बी अर्ज कर, केतकीजवळ रांगोळीचा फोटो हाय, त्यात तुहं बी घर हाय. ती पालक निवडत होती. वर न पाहता म्हणाली, "केला, आजी. फोटो चालत नाई म्हनते. अन् आमच्या घरी कोनी मेलं नाई ना."

मी तिच्याजवळ बसून पालक निवडू लागली.

*

आता शेवटचा.

सिंदी मेघेले बहिणीच्या नातीचं लग्न निघालं. सकाळपासून तयारी. प्राचीनं नवा फ्रॉक घातला. शोभा सवयीनं मले म्हणाली, "आत्याबाई, आधी तुमी तिघं जाऊन या. मी बसते."

गजाननानं खिशातून कुलूप काढलं. नवं कोरं, कागदात गुंडाळलेलं. म्हणाला, "आज कोनी बसनार नाई."

कुलूप लावाची आमाले सवय कुठं? शोभानं तीनदा गॅस पाहिला. प्राची म्हणे, किल्ली मी धरते. गजानन म्हणे, हरवशील. शोभा म्हणाली, "अन् कोनी सर्व्हेले आलं तं?"

"येऊ दे," गजानन म्हणाला. "लिहू दे बंद."

ऑटो दारात उभा होता. तिघं बाहेर पडले. मी मागं फिरली. समोरच्या खोलीत ती खाट होती, बाभळीतून काढलेली. गजाननानं एक पाय नवा बसवून दोरी पुन्हा विणली होती. मी तिच्याजवळ उभी राह्यली अन् म्हटलं, "चला, तुमी बी चला. आता बसाची गरज नाई."

"आत्याबाई, कोनाशी बोलून राह्यल्या?" शोभा बाहेरून म्हणाली.

मी उंबऱ्याबाहेर आली. दार आणखी थोडा वेळ उघडंच धरून ठेवलं. मंग बाजूले झाली अन् गजाननाले म्हटलं, "लाव आता."