माझ्या पाठीवरचं आखूड बोट

आधीच सांगते, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणाऱ्यातली नाही. बोईसरच्या एका केमिकल कंपनीत क्वालिटी कंट्रोलला आहे, दहा वर्षं झाली. जे मोजता येतं ते खरं, बाकीचं चहाबरोबर बोलायला ठीक. इथले अनुभव वाचून मी कितीदा "हो का…" म्हणून हसलेय. आता तुम्ही हसा. तरी लिहिते, कारण यात घाबरण्यासारखं काही नाही, आणि सांगताना मला अजूनही अभिमानच वाटतो.

माझी पहिली मुलगी सहा वर्षांची आहे. तिच्या वेळी कळांसाठी सलाइन लावलं, मग पाठीत इंजेक्शन दिलं, आणि कमरेखाली काही कळेनासं झालं. बाळ सुखरूप, मी सुखरूप. तक्रार काहीच नाही. पण मला सारखं वाटायचं, घरचं लग्न होतं आणि मीच हजर नव्हते. दुसऱ्या वेळी मला सगळं कळायला हवं होतं… दुखणंसुद्धा.

पण दुसरी वेळ यायलाच तयार नव्हती. एकदा राहिलं ते दहाव्या आठवड्यात गेलं. त्यानंतर दीड वर्ष काहीच नाही. त्या दीड वर्षात मी एक वही केली. लॅबचीच सवय – मुद्दे, उपमुद्दे, समोर टिक करायला चौकोन. कळा सुरू झाल्यावर काय खायचं, किती चालायचं, कुठल्या स्थितीत बसायचं, श्वास कसा घ्यायचा. मुद्दा चौथा – 'कंबर दाबायला : आई.' आई म्हणजे माझ्या सासूबाई. नवरा वही बघून म्हणाला, बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी. मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही.

सासूबाई तर चिडल्याच. आमचं घर माकुणसारला, नारळी-केळीची वाडी आणि छोटा पानमळा. सासरे गेल्यापासून त्याच सगळं बघतात. आपल्याकडे बाळ यायच्या आधी झबलंसुद्धा आणत नाहीत, आणि इथे तर बाळाचा पत्ताच नाही आणि सून वही घेऊन बसलेली! "न आलेल्या पाव्हण्याचं पान मांडू नये," एवढंच म्हणाल्या आणि कामाला लागल्या.

आता पानमळ्याचा एक नियम सांगायला हवा, कारण सगळं त्यावरच आहे. मळ्यात चपला घालून जायचं नाही, आणि पाळी चालू असलेल्या बाईने आत पाऊल टाकायचं नाही. वेल करपते म्हणतात. मला हे पटत नाही, वेलीला काय कळतंय! पण मळा त्यांचा, म्हणून मी पाळते. आम्ही दर रविवारी बोईसरहून माकुणसारला जायचो. ज्या रविवारी मी कुंपणाबाहेर विहिरीजवळच्या दगडावर बसून राहायचे, त्या रविवारी साऱ्या घराला न सांगता कळायचं, की याही महिन्यात नाही. जावेची, शेजारणीची ती नजर… मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

अशाच एका रविवारी पोटात भयंकर दुखत होतं. मी दगडावर वाकून बसले होते आणि हो, रडतही होते. सासूबाई आत पानं खुडत होत्या. खुडलेली पानं तशीच टाकून त्या बाहेर आल्या, माझ्या मागे बसल्या.

"दुखतंय नाय? मग ह्योच सराव," म्हणाल्या. "काय ल्हिलंयस त्या वहीत? कुठं दाबायचं?"

मी जागा दाखवली. त्यांनी दोन्ही तळवे कमरेवर ठेवले आणि असे काही दाबले, की माझा श्वास आपोआप लांब झाला. त्यांच्या उजव्या हाताचं मधलं बोट एका पेराने आखूड आहे, बांबू तोडताना कोयता लागला होता. ते बोट माकडहाडाच्या वर थोडं वेगळं टोचायचं. डोळे मिटूनही कळायचं की हे हात त्यांचेच.

त्या दिवसापासून दर महिन्याला हेच. पाळी आली की मी दगडावर, त्या माझ्या मागे. ज्या दुखण्याने माझी हार जाहीर व्हायची, त्याच दुखण्यावर आम्ही दोघी तयारी करत होतो. जाऊ म्हणायची, पास व्हायचं नाव नाही आणि पेपराचा सराव बघा. सासूबाई ऐकून न ऐकल्यासारखं करायच्या. अकरा महिने एकही वेळ चुकवली नाही त्या बाईने. बाराव्या महिन्यात मी दगडावर बसले नाही. सरळ चपला काढल्या आणि मळ्यात गेले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हातातली दोन पानं मळ्यातल्या देवापुढे ठेवली.

बोईसरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या. औषधाशिवाय करू म्हणाल्या, पण बाळाचे ठोके किंवा माझं बीपी बिघडलं तर हट्ट करायचा नाही. मी कबूल केलं. तारीख अजून बारा दिवस लांब होती, म्हणून सासूबाई मनोरला भावाकडे गेल्या, भाचीचा साखरपुडा होता. आणि नेमक्या त्याच सकाळी सात वाजता माझ्या कळा सुरू झाल्या.

नवऱ्याने मला दवाखान्यात नेलं आणि त्यांना फोन केला. साखरपुडा टाकून त्या आणि त्यांचे दुसरे भाऊ, म्हणजे आमचे मामा, भाड्याच्या जीपने निघाले. पालघरवरून यायचं सोडून मामांनी हायवेचा हट्ट धरला, म्हणे चिल्हार फाट्याने लवकर पोचू. पुढे कंटेनर उलटला होता. साडेअकराला शेवटचा फोन आला, की आम्ही जागचे हललो नाही… आणि सासूबाईंच्या फोनची बॅटरी संपली. मामा तर फोन मनोरलाच विसरून आले होते, ड्रायव्हरचा नंबर आमच्याकडे नव्हता आणि आमचे नंबर त्या दोघांनाही पाठ नव्हते.

दुपारी एकनंतर कळा अंगावर यायला लागल्या. मी पलंगावर गुडघे टेकून पुढे वाकलेली, नवरा समोर उभा, माझे दोन्ही हात त्याच्या खांद्यावर. सिस्टर उजवीकडे ठोके तपासत होती, डॉक्टर तिच्या शेजारी. माझ्या मागे भिंतच होती. एका कळेला मी नवऱ्याला म्हणाले, नाही जमणार, सांग त्यांना, द्या ते इंजेक्शन. खरंच म्हणाले. त्याने डॉक्टरांकडे पाहिलंसुद्धा.

आणि पुढच्या कळेला माझ्या कमरेवर दोन तळवे टेकले. गरम. दाब थेट तिथेच, जिथे अकरा महिने पडत होता. आणि माकडहाडाच्या वर ते आखूड बोट.

मला वाटलं, पोचल्या! "आई, आणखी खाली," मी म्हणाले. आणि हात खाली सरकले. त्यानंतर इंजेक्शनचं नाव काढलं नाही मी. प्रत्येक कळेला हात यायचे, कळ उतरली की जायचे. दोन बेचाळीसला मुलगी झाली. मी तिला माझ्या स्वतःच्या हातांनी उचलून छातीशी घेतलं. काय सांगू… आयुष्यात डिग्री मिळाली तेव्हाही एवढा अभिमान वाटला नव्हता.

मग मी विचारलं, आई कुठे गेल्या? नवरा माझ्याकडे बघतच राहिला. म्हणाला, आई अजून आलेलीच नाही गं. मला वाटलं तू तिला हाक मारतेयस.

थकव्यात होतात भास, हे मलाही कळतं. पण मला पुसताना सिस्टर थांबली. "मागनं कोण दाबत होतं? हातं उठलीत इथं," म्हणाली. मग वाकून पाहिलं. "एक बोट अर्धंच हाय." नवऱ्याने फोटो काढला. खोटं नाही सांगणार, फोटोत नुसती लालसर पाठ दिसते. तासाभरात तेही गेलं.

सासूबाई साडेपाचला आल्या. केस विस्कटलेले, दोन्ही तळवे लाल आणि सुजलेले. मामा वैतागलेले. ते सांगत होते, या बाईने जीपमध्ये नुसता वैताग दिला. डोळे मिटून पुढची सीट दोन्ही हातांनी दाबत होती, थांबायची, पुन्हा दाबायची. ड्रायव्हर म्हणाला, आजी, सीट तुटंल. पावणेतीनच्या सुमाराला एकदम थांबली आणि म्हणाली, झाली बाय मोकळी. समोर मिठाईचं दुकान होतं, तिथे मला पिटाळलं. मी म्हटलं पेढे आणतो, तर म्हणे नाय, बर्फीच आण.

आणि तो बर्फीचा बॉक्स मामांच्या हातात होता. मुलगी झाली की बर्फी. आम्ही तोवर त्यांना काहीच कळवू शकलो नव्हतो.

मी सासूबाईंना नंतर बरेचदा खोदून विचारलं. कळ कधी येतेय हे कसं कळत होतं? मुलगी झाली हे कुणी सांगितलं? त्या बाळाला तेल लावत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, "मी कुठं काय केलं गो? मी गाडीत बसलेली. केलंस ते तू."

वही अजून आहे माझ्याकडे. सगळे चौकोन टिक झालेत. लॅबमध्ये निरीक्षण लिहिलं की पुढे कारण लिहावं लागतं. चौथ्या मुद्द्यापुढे मी ती जागा कोरी ठेवली आहे, कारण लिहायला माझ्याकडे आजही काही नाही. पण कोणी विचारलं, की तुझ्या बाळंतपणात खोलीत कोण कोण होतं, तर मी बेधडक सांगते – डॉक्टर, सिस्टर, नवरा आणि माझी सासू.