बोक्याचं पाचवं बोट

दोन हजार सालच्या आसपास नाशिकच्या आमच्या कॉलेजात निम्म्या पोरांच्या छातीवर कार्टूनं असायची. एका मासिकात मला एक परदेशी जॅकेट दिसलं. कपड्यांच्या कंपनीने कार्टूनवाल्यांशी हातमिळवणी करून काढलेलं. पाठीवर जुन्या जमान्यातला कार्टूनचा बोका, एक हात उंच करून, दुसरा पाठीमागे घेऊन हसणारा. गॅदरिंगच्या फॅशन शोमध्ये मला तेच हवं होतं, आणि बघणाऱ्यांना ते अस्सल वाटायला हवं होतं. ऐपत शून्य, हौस मात्र दांडगी.

अण्णा, म्हणजे माझे वडील, येवल्याला पैठणी विणायचे. चौकटीच्या कागदावर बोका उतरवून मी घरी गेले. मोर-पोपट विणण्यात हयात गेलेल्या माणसाला बोका विणायला सांगणं हा माझा आगाऊपणाच. त्यांनी कागद बराच वेळ न्याहाळला आणि ते मागावर बसले.

चार दिवस मी शेजारून हलले नाही. विणकाम खालून वर चढतं, म्हणून आधी बोक्याचे पाय आले, मग पोट, मग मिशा. टीव्हीवर शंभरदा पाहिलेला बोका रेशमात एकेका धाग्याने जिवंत होत होता. उंचावलेला हात तेवढा राहिला होता, पण तालमीसाठी मला नाशिकला परतावं लागलं.

तुकडा मागाहून आला. माझ्या साध्या जॅकेटच्या पाठीवर लावून घ्यायला शिंप्याकडे निघाले आणि दचकले. कार्टूनच्या हाताला चारच बोटं असतात. अण्णांनी पाच विणली होती. आता कुणीही नक्कल ओळखणार. चिडून उसवायला कात्री घेतली, तुकडा उलटा केला, तर मागची बाजू हुबेहूब पुढच्यासारखी. सुटा धागा नाही, गाठ नाही. कात्री कुठे घालावी तेच कळेना. मी थक्क होऊन बघत राहिले.

तरी बूथवरून शेजाऱ्यांकडे फोन लावून अण्णांना बोलावलंच. हजारो चित्रं काढावी लागतात, मेहनत वाचावी म्हणून कार्टूनला एक बोट कमी देतात, असं ऐकवलं.

"मला वाटलं, तूच मोजायला चुकली," ते म्हणाले. "अर्धा दिस गेला त्या बोटात. पण लेकीच्या पाठीवर अधुरं काम द्यायला नाय जमत आपल्याला."

शोच्या दिवशी मी मंचाच्या टोकापर्यंत गेले, वळले, आणि बोटं मोजून होतील इतका वेळ लोकांकडे पाठ करून उभी राहिले.