सईला पियानो मी शिकवला

"सांग यांना. तू इथं फक्त फडकं मारतेस."

स्टुडिओचे मालक, म्हणजे सर, मला असं म्हणाले तेव्हा त्यांच्या ऑफिसात दहाबारा माणसं बसली होती. सगळे मुलांचे आईबाप. चांगल्या घरचे, ऊस असलेले, गाड्या असलेले. मी दाराजवळ उभी होते. माझ्या हातात खरंच फडकं होतं, कारण हाक आली तेव्हा मी जिना पुसत होते. ते कुठं ठेवावं कळेना. पदराखाली धरलं. पाणी पायावर ठिबकत होतं.

"अगं, ते फडकं तरी बाहेर ठेव," एक बाई म्हणाली आणि तिनं नाकाला रुमाल लावला.

कुणीतरी हसलं.

"बोल ना," सर म्हणाले. "मुलांना तू काही शिकवत नाहीस. एवढंच सांगायचंय. मग जा कामाला."

एवढंच. एक वाक्य. तेही खोटं.

आता पहिल्यापासून लिहिते.

सांगलीत हा संगीताचा स्टुडिओ आहे. खाली दुकानं, वर चार खोल्या, एक सरांचं ऑफिस आणि तीन शिकवायच्या. त्यांतल्या एकीत खरा पियानो, बाकी दोन्हींत कीबोर्ड. मी तिथं सहा वर्षं झाडलोट केली. माझं माहेर आटपाडी तालुक्यातलं. आम्ही मेंढरांमागं फिरणारी माणसं. माझी शाळा चौथीपर्यंत. लग्न होऊन सांगलीत आले, नवरा हळदीच्या बाजारात हमाल.

स्टुडिओत शिरलं की भिंतीवर मोठा फळा आहे. 'आमचे शिक्षक'. तिघांचे फोटो आणि खाली प्रत्येकाची माहिती. रोज सकाळी त्याची काच पुसताना मी ती वाचायचे. आधी अक्षर लावत, मग सरळ, मग पाठच झाली.

पहिल्या रेवती मॅडम. पुण्याच्या. पाचव्या वर्षापासून पियानो, लंडनच्या बोर्डाच्या सगळ्या परीक्षा पास. त्या कागदावर लिहिलेल्या सुरांवरून शिकवायच्या. पोरांच्या तळहाताखाली लिंबू ठेवायच्या, म्हणजे बोटं वाकलेली राहतात आणि मनगट पडत नाही. लिंबू पडलं की पहिल्यापासून. शेजारी टिकटिक करणारं यंत्र.

दुसरे बेंजामिन सर. म्हातारे, मिरजेचे. त्यांचे वडील आणि आजोबा चर्चमध्ये वाजवायचे. ते पहिला महिनाभर पोराला पियानोच्या पट्टीला हातच लावू द्यायचे नाहीत. गायला लावायचे. पालक कुरकुर करायचे, पियानोचा क्लास लावला आणि पोरगं गाणीच म्हणतंय. सर ऐकायचे नाहीत.

तिसरे सुभेदार काका. कोरेगावकडचे. चोवीस वर्षं लष्कराच्या बँडमध्ये. त्यांच्या खोलीतून पियानोपेक्षा पायांचा आवाज जास्त. "येक दोन तीन चार! डावा! आरं डावा म्हंजे कंचा, जेवायचा न्हवं त्यो!" पोरं हसून लोळायची, पण ताल कुणाचा चुकायचा नाही.

तीन खोल्या, तीन तऱ्हा. मी बाहेर फरशी पुसायचे. दारं बंद असली तरी आवाज येतोच.

काका सकाळी लवकर येऊन खऱ्या पियानोवर एकटेच वाजवायचे. एकदा मी बादली भरत होते आणि तोंडातून निघून गेलं, "काका, त्यातली येक पट्टी खाली उतारलीया."

काका थांबले. "कंची?"

मला लाज वाटली. मी बोटानं दाखवली. त्यांनी ती दाबली, दुसरी दाबली, पुन्हा दाबली. मग माझ्याकडं बघितलं. "तुला कसं कळलं गं?"

कसं कळलं ते काय सांगायचं? आमच्या आबांनी मेंढ्यांच्या गळ्यात वेगवेगळ्या घंट्या बांधल्या होत्या. अंधारात, धुक्यात, कुठली मेंढी कुठं आहे ते मला आवाजावरून कळायचं. घंटीला चीर गेली तर सगळ्यांत आधी मला कळायचं. सात वर्षांची होते.

त्या दिवसापासून काकांनी मला शिकवायला घेतलं. स्टुडिओ उघडायच्या आधी अर्धा तास. दोन वर्षं. कागदावरच्या रेषाही त्यांनीच वाचायला शिकवल्या. "चौथी पास हायस ना? मग ह्या तर पाचच रेगा हायत," म्हणायचे. गाऊन मग वाजवायचं ते मी बेंजामिन सरांच्या दाराबाहेर शिकले. बोटं कशी ठेवायची ते रेवती मॅडमच्या. लिंबू घरी होतंच.

हे मी कुणाला सांगितलं नाही. नवऱ्यालाही नाही.

मग बेंजामिन सर पडले. मांडीचं हाड मोडलं. त्यांची लहान मुलं रेवती मॅडमकडं दिली. त्यांत सई होती, सात वर्षांची. आधीच घाबरट, वर लिंबू आणि ते टिकटिक यंत्र. लिंबू सारखं पडायचं. मॅडम चिडून म्हणायच्या, "पान वाचता येईल तेव्हा आत ये." ती बाहेर बाकावर बसून रडायची. शेजारी मी, फरशी पुसत. एक दिवस, दोन दिवस. तिसऱ्या दिवशी मी फडकं ठेवलं आणि तिला बेंजामिन सरांच्या रिकाम्या खोलीत नेलं.

मला ना मॅडमसारखं बोलता येत होतं ना काकांसारखं. मला जे येत होतं त्यावरून मी सुरू केलं. मधल्या पट्टीला म्हटलं, ही मोरी मेंढी. कळपाची म्होरकी. तिच्या शेजारची बांडी, मग चांदी, मग लंगडी. प्रत्येकीचा आवाज वेगळा. आता मोरी निघाली पाण्यावर. तिच्या मागं बांडी. लंगडी मागं राहिली, तिला थांबून घ्यायचं. पाणी पिऊन सगळ्या परत घरी, मोरीपाशी. सई डोळे मोठे करून ऐकायची. मग डोळे मिटून ओळखायची. "मावशी, आता चांदी ओरडली!" आठ दिवसांत एकही चुकत नव्हती. मग मी पान उघडलं आणि म्हटलं, ही बघ, या रेघेवर कोण बसलीय? ती म्हणाली, "अय्या, चांदी!"

तिनं पान वाचलं.

वाजवायच्या आधी ती श्वास कोंडून धरायची. म्हणून मी तिला मेंढ्या हाकायला लावायचे. जीभ टाळूला लावून 'ट्र्र्र्र हा!' आम्ही रानात करतो तसं. त्यानं श्वास सुटतो, खांदे खाली येतात. दरवेळी आधी हाक, मग वाजवणं.

तिचं बघून आणखी तीन मुलं यायला लागली. एकदा सर दारात येऊन उभे राहिले. मी घाबरून उठले. ते हसले, म्हणाले, "बस बस. बेंजामिन सर येईपर्यंत बघ थोडं. मॅडमवर फार लोड आहे." माझ्या कानांनी ऐकलंय. त्यानंतर तीन महिने मी रोज शिकवलं. फळ्यावर फोटो नव्हता, पण शिकवलं.

मग वर्षाचा कार्यक्रम झाला. हॉल भरलेला. मी मागं पाण्याचा ट्रे धरून. सई स्टेजवर आली, लाल फ्रॉक, बसली. हात वर घेतले. आणि माइकसमोर मोठ्यानं केलं, "ट्र्र्र्र हा!"

अख्खा हॉल हसला.

चूक माझी. स्टेजवर असं करायचं नाही हे सांगायचं मला सुचलंच नाही. मला कसं सुचणार? हाक दिल्याशिवाय कळप उठत नाही, एवढंच मला माहीत.

सई मात्र थांबली नाही. हसण्यातून वाजवत गेली. शेवटपर्यंत, एकही चूक नाही. हॉलनं टाळ्या वाजवल्या. नंतर सूत्रसंचालन करणाऱ्यानं तिला विचारलं, "बाळा, हे कुणी शिकवलं?" आणि तिनं बोट केलं. सगळा हॉल वळला. माझ्याकडं. माझ्या ट्रेकडं.

पुढच्या दिवशी ऑफिसात ती मंडळी जमली. जिन्यावरून मला ऐकू येत होतं. "आम्ही पुण्याच्या मॅडमकडं बघून ॲडमिशन घेतली." "झाडूवाली शिकवते?" सईच्या आईचा आवाज सगळ्यांत चढा. "मेंढरं हाकायला शिकवलं हो माझ्या पोरीला! चारशे लोकांपुढं! सासरचे सगळे आले होते."

मग मला हाक आली.

"बोल ना," सर पुन्हा म्हणाले.

रेवती मॅडम खिडकीशी होत्या. माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "सुरुवात चुकीची झाली की पुढं ती सुधारता येत नाही. मी आधीच सांगितलं होतं." सईनं एकही चूक केली नव्हती हे त्यांनी पहिल्या रांगेत बसून ऐकलं होतं.

सुभेदार काकाही तिथंच होते. मी त्यांच्याकडं बघितलं. ते आपल्या बुटाकडं बघत होते.

चार माणसांपुढं बोलायची मला सवय नाही. मला शाळेतला एक दिवस आठवला. तपासणीला साहेब येणार होते. गुरुजी मला म्हणाले होते, "साहेबांनी काहीही विचारलं तरी तू हात वर करायचा नाहीस. शेवटी बस. मेंढराचा वास येतो." साहेबांनी पाढा विचारला. कुणालाच येईना. मला येत होता. मी हात मांडीखाली दाबून बसले. साहेब गेले. त्यानंतर कधीतरी शाळाही गेली. पण तो हात मी दाबला होता, गुरुजींनी नाही. हे मला इतकी वर्षं टोचत होतं.

"मी शिकीवलं," मी म्हटलं.

"काय?"

"सईला मी शिकीवलं. तीन म्हयने. आनी तिगं बी हायत. सरांस्नी म्हाईत हाय. त्येंनीच बघ म्हनून सांगितलं."

सरांचा चेहरा पडला. "मी सहज म्हटलं होतं. थोडं लक्ष ठेव म्हणून."

"लक्ष ठिवून पोरगी वाजवती व्हय?"

एक गृहस्थ मजेत आले. मांडी बदलून म्हणाले, "बरं, एवढं येतं ना? मग वाजवून दाखव की. समोरच्या खोलीतच आहे पियानो. बघू तरी."

सगळे हसले. एकानं खुर्ची बाजूला सरकवली, मला तिकडं जायला वाट द्यायला. सईच्या आईनं मोबाइल काढला.

मला वाजवता आलं असतं. बोटं शिवशिवत होती. पण तेव्हाच मला कळलं की हे वाजवणं नाही. हा गारुड्याचा खेळ आहे.

"न्हाई," मी म्हटलं. "मॅडमस्नी कवा म्हनला का वाजवून दाखवा? फळ्यावर लिवलंया तेवढं वाचून पोरं दिलीसा. माजं फळ्यावर न्हाई म्हनून म्या खेळ दावायचा? माजी परीक्षा सईनं दिली काल. तुमच्याम्होरं. टाळ्या तुमीच वाजीवल्या."

सईच्या आईनं मोबाइल खाली केला.

"उद्यापासून येऊ नकोस," सर म्हणाले.

"बरं," मी म्हटलं, आणि निघाले. फडकं आता उघडं हातात होतं. ते कुणाला दिसलं असेल तर दिसू दे.

जिन्यात काकांनी गाठलं. हळू आवाजात म्हणाले, "आगं, येक डाव व्हय म्हनली आसतीस तर काय बिगाडलं आसतं? सकाळचं आपलं चालू ऱ्हायलं आसतं की."

काकांनी मला शिकवलं. त्यांचे उपकार मोठे आहेत. पण सकाळी दार लावून शिकवणारा माणूस दुपारी माझी ओळख देत नाही. मी त्यांना म्हटलं, "काका, तुमी चोवीस वरसं पलटनीत हुता. आज येक शब्द बोलायला भ्यालासा." आणि मागं न वळता जिना उतरले.

घरी नवरा म्हणाला, "माफी मागून ये. त्येत काय जातंय?" मी त्याला पहिल्यांदा सगळं सांगितलं. दोन वर्षांचं सगळं. त्यानं माझी बोटं हातात घेऊन बघितली. मग म्हणाला, "तुला पियानो येतोय?" मी म्हटलं, येतोय. त्यानंतर माफीचं नाव त्यानं काढलं नाही.

आता मी हळदीच्या गोदामात निवडायला जाते. पियानोला हात लागून चार महिने झाले. नोकरी गेली, काका सुटले, सई सुटली. हे काही थोडं नाही. रोज आठवतं.

मागच्या आठवड्यात सईच्या आईचा फोन आला. आवाज मऊ. आता 'तुम्ही' म्हणत होती.

"सई बसतच नाही हो कुणाकडं. मावशी पाहिजे म्हणते. आम्ही घरी पियानो घेतलाय. तुम्ही या दुपारी."

"यीन की," मी म्हटलं. खोटं कशाला, आनंद झाला.

"फक्त एक करा. मागच्या दारानं या. आणि शेजारी विचारलं तर भांड्याला येते म्हणा. आमच्याकडं कसं आहे, तुम्हाला माहीतच आहे. समजून घ्या."

मी समजून घेतलं. चांगलंच समजलं.

"ताई," मी म्हटलं, "म्होरच्या दारानं यीन. शेजारी इचारलं तर सईला पियानो शिकवाया आलीया म्हनून सांगीन. सासरच्यांनी इचारलं तर त्येंनाबी त्येच सांगीन. मान्य आसंल तर बोलवा."

ती म्हणाली, "बघते, सांगते," आणि फोन ठेवला.

तिचा फोन अजून आलेला नाही. सई तिथं रडत असेल हे मला कळतं, आणि त्यानं माझा जीव तुटतो. तरीही मी मागच्या दारानं जाणार नाही. तिच्या घरीही नाही, दुसऱ्या कुणाच्या घरीही नाही. ज्या मुलीला मी शिकवते तिला माझी ओळख लपवायला शिकवणार नाही.